निवृत्तीनंतर दोघांनी मिळून नेपाळमध्ये सेवेला जायचं असेल तर

आमंत्रणाचं पत्र आलं ते माझ्या एकटीच्या नावानं. नेपाळच्या डोंगरातल्या एका मिशन रुग्णालयाला अनुभवी परिचारिका हवी होती, आणि पत्राच्या शेवटी एक ओळ होती : पतींनाही सोबत आणता येईल. आनंदाच्या भरात आम्ही ती ओळ नीट वाचलीच नाही. तिथे पोचल्यावर मी सकाळी सातला कामावर जायची आणि हे खोलीत राहायचे. तेहेतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये हात काळे करून राबलेला माणूस परक्या देशात खिडकीशी बसून माझी वाट पाहायचा. सहा आठवड्यांत ह्यांचा रक्तदाब वाढला, झोप उडाली, आणि एका रात्री म्हणाले, "तू राहा. मी जातो घरी."

ती रात्र निभावली आणि पुढे आम्ही दोन वर्षं राहिलो. परत आल्यापासून आमच्या ख्रिस्ती मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, आणि ओळखीतली जोडपी विचारतात, आम्हीही जाऊ का, कसं जायचं, काय न्यायचं. साठी ओलांडलेल्या, हातपाय धड असलेल्या आणि मनात ओढ असलेल्या अशा जोडप्यांसाठी हे सगळं क्रमानं लिहिते आहे. आमचा अनुभव नेपाळचा, म्हणून नेपाळबद्दलच लिहीन.

दीड वर्ष आधी : दोघांनी समोरासमोर बसा

पाळकांकडे जाण्याआधी, मुलांना सांगण्याआधी, घरात दोघांनी एक संध्याकाळ काढा. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर उत्तरं लिहा आणि मग कागद बदला. मला का जायचं आहे? मी तिथे सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत काय करणार? कोणती गोष्ट सोडून जाणं मला सर्वांत जड जाईल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकाच्या कागदावर "सोबत राहीन" असं आलं, तर तिथेच थांबा. सोबत राहणं हे दिवसभराचं काम होऊ शकत नाही. बहुतेक घरांत हे उत्तर बायकोच्या कागदावर येतं, आमच्याकडे नवऱ्याच्या कागदावर आलं असतं. हा कागदाचा प्रयोग आम्ही केलाच नव्हता.

नंतर एक महिना महाराष्ट्रातच राहून पाहा. आपल्याकडे मिरजेला मिशनचं काम आहे, परतवाड्याजवळ कोठाऱ्याचं कुष्ठरुग्णालय आहे, लहानमोठ्या मिशन संस्था आहेत. जिथे ओळख असेल तिथे विचारा आणि दोघं महिनाभर एका खोलीत, दुसऱ्याच्या वेळापत्रकानं, दुसऱ्याच्या हाताखाली राहा. चाळीस वर्षं संसार केलेल्या जोडप्यालाही एका खोलीत चोवीस तास राहायची सवय नसते. ती सवय देशात करून घेतलेली बरी.

आपण तिथे कोण म्हणून जातो

हे समजून घेतल्याशिवाय निघू नका. १९५१ साली राणांची राजवट संपेपर्यंत नेपाळ बाहेरच्यांना बंद होता. नेपाळी ख्रिस्ती मंडळी सीमेबाहेर, मुख्यतः दार्जिलिंगच्या बाजूला वाढली. बायबल नेपाळीत आणण्याचं मोठं काम गंगाप्रसाद प्रधान यांनी तिथेच राहून केलं. दार उघडल्यावर नेपाळी ख्रिस्ती लोक स्वतःच आत गेले. १९५२ साली पोखऱ्यात मंडळी सुरू झाली तीही एका नेपाळी पाळकाच्या हाताखाली. म्हणजे त्या देशातली मंडळी पहिल्या दिवसापासून त्यांची स्वतःची आहे. ती आपण उभी करायला जात नाही आणि चालवायला तर अजिबात नाही.

रुग्णालयांची कहाणी वेगळी. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत शिकवणारे रॉबर्ट फ्लेमिंग हे पक्ष्यांचे अभ्यासक होते. १९४९ साली ते पक्षी पाहायला म्हणून पश्चिम नेपाळात तानसेन गावापर्यंत गेले. पुढे १९५१–५२च्या थंडीत ते पुन्हा आले तेव्हा डॉक्टर असलेल्या त्यांच्या पत्नी बेथेल आणि फ्रेडरिक्स दाम्पत्य सोबत होतं. त्या मुक्कामात त्यांनी रुग्ण तपासले. सरकारनं तानसेनला रुग्णालय आणि काठमांडू खोऱ्यात दवाखाने काढायला परवानगी दिली, आणि मार्च १९५४ मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ ही संस्था स्थापन झाली. ती स्थापन झाली कुठे, तर आपल्या नागपुरात. नेपाळातल्या आमच्या रुग्णालयात एका वॉर्डात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्यांनी नागपूर कुठे आहे ते मोबाईलवर शोधलं.

फ्लेमिंग दाम्पत्य तेव्हा पन्नाशीच्या आसपास होतं. एकाला पक्ष्यांचं वेड, दुसरीच्या हातात औषधाची पेटी. दोघांचं काम वेगळं आणि दोघांचंही खरं. वयस्क जोडप्यानं समोर ठेवावं असं मला ह्याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

कायदा आधी, सामान नंतर

नेपाळच्या २०१५च्या संविधानातल्या कलम २६ प्रमाणे दुसऱ्याचं धर्मांतर करणं निषिद्ध आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ प्रमाणे धर्मांतर घडवणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड, आणि परदेशी व्यक्ती असेल तर शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर.

हे वाचून मनात "मग जायचं कशाला?" असं आलं, तर तो प्रामाणिक प्रश्न आहे. त्याचं उत्तर निघण्याआधी मिळालं पाहिजे. आमचं उत्तर असं होतं : आजाऱ्याची सेवा ही दुसऱ्या कशासाठी लावलेलं आमिष नाही, ती स्वतःच पुरी आहे. ज्यांना असं वाटत नाही त्यांनी ह्या देशात जाऊ नये. कारण तुमची एक चूक तुम्हाला विमानात बसवेल, पण तिची किंमत मागे राहिलेली नेपाळी मंडळी आणि ते रुग्णालय मोजत राहील.

आम्ही जे नियम पाळले ते सांगते. रुग्णाच्या खाटेशी आपणहून धर्माचा विषय काढायचा नाही. पुस्तिका, पत्रकं न्यायची नाहीत, वाटायची नाहीत. कुणाला पैसे किंवा कपडे स्वतःच्या हातानं द्यायचे नाहीत, द्यायचे असतील ते रुग्णालयाच्या गरीब रुग्ण निधीत. कुणी विचारलं की तुम्ही कोण, तर खरं सांगायचं : आम्ही ख्रिस्ती आहोत, निवृत्त आहोत, इथे कामाला आलो आहोत. आणि गावाकडच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर रुग्णांचे फोटो टाकायचे नाहीत. हा शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. पुण्यात बसून कुणीतरी प्रेमानं फोटोखाली चार ओळी लिहितं, तो फोटो फिरत फिरत नेपाळात पोचतो, आणि तिथल्या एखाद्या गरीब बाईला गावात उत्तरं द्यावी लागतात.

एक वर्ष आधी : पत्रात दोन नावं

मोठ्या मिशन संस्था बाहेरच्या माणसांना सहसा पाठवणाऱ्या मंडळी किंवा संस्थेमार्फत घेतात. म्हणून आधी आपल्या मंडळीच्या समितीशी बोला, तिथून संस्थेशी, तिथून रुग्णालयाशी. उत्तर यायला वेळ लागतो.

आमंत्रण आलं की त्यात पुढच्या गोष्टी लेखी आहेत का ते पाहा. दोघांची नावं आणि प्रत्येकाचं काम. प्रत्येकाचा तिथला वरिष्ठ कोण. किती महिने. राहायची खोली कोणत्या मजल्यावर, रुग्णालयापासून किती पायऱ्या. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. डोंगरी गावात अंतर मीटरमध्ये नसतं, पायऱ्यांमध्ये असतं. खोलीपासून वॉर्डापर्यंत आम्हाला एकशे बारा पायऱ्या होत्या, आणि ते मला पत्रातून कळलं असतं तर मी आणखी चार महिने गुडघ्यांचा व्यायाम केला असता.

भारतीय नागरिकाला नेपाळात जायला, राहायला व्हिसा लागत नाही, १९५०च्या करारापासून ही मोकळीक आहे. पण व्हिसा लागत नाही म्हणून काहीच लागत नाही, असं नव्हे. परिचारिका म्हणून रुग्णाला हात लावायचा तर नेपाळ नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवी, डॉक्टरला नेपाळ मेडिकल कौन्सिलची. माझी नोंदणी होईपर्यंत मी निर्जंतुकीकरणाच्या खोलीत बसून कापसाचे बोळे आणि गॉजच्या घड्या केल्या आणि मुलींना ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) कसा भरायचा ते दाखवलं. अशा कामाची तयारी ठेवा. कामाच्या परवानगीचं काय लागतं ते रुग्णालयानं लिहून द्यावं, "बघू आल्यावर" हे उत्तर स्वीकारू नका.

नऊ महिने आधी : शरीर

दोघांची पूर्ण तपासणी, ईसीजीसकट. दातांचं सगळं काम इथेच उरकून घ्या, डोंगरात दाढ दुखली की जवळचा दंतवैद्यसुद्धा तीन तासांवर असतो. मोतीबिंदू पिकत आला असेल तर शस्त्रक्रिया करूनच निघा. चष्म्याची दुसरी जोडी, कानाच्या यंत्राचे सेल, कवळी असेल तर जुनी कवळीही. रोजच्या गोळ्या तीन महिन्यांच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, कारण तिथे ब्रँड वेगळा मिळतो.

मधुमेह असेल तर जेवणाचा विचार आधीच करा. नेपाळी घरात दोन वेळा दाल-भात-तरकारी असते, सकाळी दहाच्या सुमाराला आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला. मध्ये दुपारी हलका खाजा, म्हणजे नाश्ता. भात भरपूर वाढतात आणि प्रेमानं पुन्हा वाढतात. "पुग्यो" म्हणजे पुरे, हा शब्द पहिल्याच दिवशी शिका. ज्वारी मिळायची नाही, पण कोदोचं पीठ सगळीकडे मिळतं. नाव ऐकून फसू नका, नेपाळीत कोदो म्हणजे आपली नाचणी. ह्यांच्या भाकरीचा प्रश्न तिथेच सुटला.

व्यायाम एकच सांगते : जिने. चढण्याइतकंच उतरण्याचा सराव करा. म्हातारे गुडघे उतरतानाच दगा देतात. आणि दोघांसाठी दोन काठ्या न्या, एक नव्हे.

आरोग्यविम्याची पॉलिसी काढून तिची बारीक अक्षरं वाचा. भारतातल्या बहुतेक पॉलिसी देशाबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाहीत. आमच्या विमा कंपनीनं फोनवर "नेपाळ चालेल" असं सांगितलं होतं, बिल पाठवल्यावर नाही म्हणाली. लेखी उत्तर घ्या. ते नकाराचं आलं तर तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवा आणि तिला हात लावू नका.

सहा महिने आधी : पेन्शन, बँक, आधार

वयस्क जोडप्याची गाडी इथेच अडकते, म्हणून नीट वाचा.

राहायला खोली रुग्णालयानं दिली तरी जेवणखाण, प्रवास, औषधं पेन्शनमधूनच भागवावी लागतात. आणि पेन्शन चालू राहायला हयातीचा दाखला लागतो. सरकारी पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबरात. ईपीएस, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनवाल्यांचा ज्या तारखेला दिला त्या तारखेपासून बारा महिने चालतो. आमच्या घरात दोन्ही प्रकार होते, म्हणून ह्यांचा दाखला निघायच्या आठवड्यात देऊन टाकला. केंद्र सरकारच्या ‘जीवन प्रमाण’ सेवेचा डिजिटल दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून देता येतो. तो प्रयोग घरी असतानाच दोनदा करून पाहा, जाड चष्म्यामुळे आणि खिडकीतल्या उजेडामुळे चेहरा जुळत नाही. परदेशातून भारतीय दूतावासातल्या अधिकाऱ्याच्या सहीनंही दाखला देता येतो, पण डोंगरातून काठमांडू म्हणजे एक अख्खा दिवस जायला आणि एक यायला. तुमच्या बँकेला काय चालेल ते शाखेत जाऊन विचारून घ्या.

आधार, बँक आणि पेन्शन ह्यांना जोडलेला मोबाईल नंबर जिवंत राहिला पाहिजे. ओटीपी आला नाही की सगळं थांबतं. तो नंबर रोमिंगवर सोबत न्यायचा की मुलाकडे ठेवायचा ते ठरवा. आम्ही एक सोबत नेला, एक मुलीकडे ठेवला, आणि कोणत्या खात्याला कोणता नंबर ते वहीत लिहिलं.

बाकीचं थोडक्यात. खाती दोघांच्या नावे, कुणालाही सही करता येईल अशी. सगळीकडे वारसाचं नामनिर्देशन. मृत्युपत्र. घराच्या आणि बँकेच्या कामांपुरतं मुलाला किंवा मुलीला मुखत्यारपत्र. सोसायटीला लेखी कळवा, गॅसचा रेग्युलेटर काढा, पाण्याची टाकी रिकामी करा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा कुणीतरी घराच्या खिडक्या उघडेल अशी सोय करा.

नेपाळात पैशाचा हिशेब सोपा आहे. १९९३ पासून भारतीय शंभर रुपये म्हणजे नेपाळी एकशे साठ. शंभराच्या नोटा न्या, त्यांच्यावरून कधी वाद होत नाही. २०२४ पासून बऱ्याच दुकानांत क्यूआर कोडवर आपल्या यूपीआयनं पैसे देता येतात. तिथल्या कोडवर फोनपे असं नाव दिसेल, ती नेपाळी कंपनी आहे, आपल्या मोबाईलमधलं ते ॲप नव्हे.

मुलं

आमच्या मुलीनं विचारलं, "माझ्या बाळंतपणाला तू नसणार?" ह्या प्रश्नाला सेवेचं उत्तर देऊ नका. मी तारखा बदलल्या, नातू तीन महिन्यांचा झाल्यावर निघाले. देवानं बोलावलं आहे असं म्हणून मुलांचं तोंड बंद करू नये, त्यांना रागवायला जागा द्यावी. आणि एखादा वृद्ध आईबाप मागे असेल तर सहा महिन्यांची सेवा घ्या, दोन वर्षांची नको.

तीन महिने आधी : भाषा

मराठी माणसाला इथे मोठी देणगी मिळालेली आहे : लिपी. बसवरची पाटी, दुकानाचं नाव, औषधाची चिठ्ठी, गीतपुस्तक, सगळं देवनागरीत. पहिल्याच शनिवारी आम्ही नेपाळी गीत वाचत गायलो. अर्थ अर्धाच कळला, पण ओळ चुकली नाही.

त्याच ओळखीतून घोटाळेही होतात. "मीठो" म्हणजे खारट नव्हे, चवदार. पहिल्या जेवणाला आजीबाईंनी "मीठो छ?" विचारलं तेव्हा मी "नाही, बरोबर आहे" अशा अर्थानं मान हलवली आणि त्यांचा चेहरा पडला. मीठ हवं असेल तर "नुन". "जाडो" म्हणजे थंडी, कुणी तुम्हाला "जाडो भयो?" विचारलं तर ते अंगकाठीबद्दल नसतं. "सस्तो", "ढिलो", "भात", "माया", "मामा", "काका" मात्र घरचेच वाटतील.

महिना-तारीख हाही भाषेचाच भाग समजा. तिथे सगळा व्यवहार विक्रम संवतानं चालतो, साल आपल्यापेक्षा सुमारे सत्तावन्नानं पुढे. महिन्यांची नावं आपलीच, पण महिना अमावास्येनंतर नव्हे तर सूर्य रास बदलतो त्या सुमाराला बदलतो, वैशाख एप्रिलच्या मध्याला लागतो. रुग्णाला "पंधरा गते या" म्हटलं तर ती नेपाळी तारीख, "पंधरा तारिख" म्हटलं तर इंग्रजी. हा फरक न कळल्यानं मी एका बाईला दोन आठवडे आधी बोलावून बसले, ती सहा तास चालत आली होती. घड्याळ मात्र फक्त पंधरा मिनिटं पुढे करायचं.

बोलताना नेहमी "तपाईं", म्हणजे आपण. वयानं लहान मुलीलाही "बहिनी", मोठीला "दिदी", पुरुषाला "दाइ" किंवा "भाइ". तुम्हाला मात्र ते आमा (आई) आणि बुबा (बाबा) म्हणतील, कारण तुमचे केस पांढरे आहेत. हा मान आपोआप मिळतो आणि म्हणूनच जपून वापरायचा असतो. आमानं काही सुचवलं की कुणी "नाही" म्हणत नाही, "हुन्छ" म्हणतात. त्या "हुन्छ"चा अर्थ "पटलं" असा धरू नका.

निघणं

पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोघांचंही. पासष्टीच्या पुढच्यांना वय आणि ओळख पटवणारं दुसरं फोटो असलेलं कार्ड चालतं, तरी पासपोर्ट जवळ असलेला बरा, सिमकार्डापासून रुग्णालयापर्यंत सगळीकडे तोच मागतात.

पश्चिम नेपाळात जायचं तर मुंबईहून कुशीनगर एक्स्प्रेसनं गोरखपूर, तिथून सुनौली, सीमा पायी ओलांडून भैरहवा, मग बुटवल, आणि तिथून डोंगर सुरू. गोरखपूरला एक रात्र राहाच. बुटवलच्या वर सिद्धबाबाच्या टप्प्यात पावसाळ्यात दरडी कोसळतात, म्हणून जून ते सप्टेंबर पहिला प्रवास नको. दशैंच्या, म्हणजे नेपाळी दसऱ्याच्या दिवसांतही नको, सगळा देश घरी निघालेला असतो. ऑक्टोबरच्या शेवटापासून पुढे किंवा फेब्रुवारी-मार्च चांगला.

सामान कमी. दोन लोकरी बनियन, पायमोजे, गरम पाण्याची रबरी पिशवी, बॅटरी, प्रेशर कुकरचं जादा रबर, गोडा मसाला. खोल्यांना हीटर नसतो, तेराशे-चौदाशे मीटरवर जानेवारीची रात्र बोचते. ह्यांनी हट्टानं पाना, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हरचा संच घेतला. मी ते वजन नको म्हणत होते.

पहिले दोन महिने : काहीही सुधारू नका

वॉर्डात आमची एक ट्रॉली होती, रात्री ढकलली की पुढचं डावं चाक किंचाळायचं आणि सगळे रुग्ण जागे व्हायचे. त्या "मी जातो घरी"च्या रात्रीनंतर दोन दिवसांनी मी प्रमुख दिदीला विचारून ती ट्रॉली आमच्या खोलीसमोर आणली. ह्यांनी वर्तमानपत्र पसरलं, चाक काढलं. आसाला केसांचा आणि बँडेजच्या दोऱ्यांचा गुंता करकचून बसला होता, लाडवाएवढा. तो ब्लेडनं कापला, बेअरिंग मट्टीतेलात (रॉकेलात) रात्रभर ठेवलं, सकाळी ग्रीस भरलं. ट्रॉली आवाज न करता वॉर्डात गेली. दुपारी दुरुस्ती विभागातला मुख्य मुलगा दुसरी ट्रॉली घेऊन आला, संध्याकाळी एक चाकाची खुर्ची.

इथे एक गोष्ट ह्यांनी फार शहाणपणाची केली. दुसऱ्या दिवशी ते त्या मुलाकडे गेले आणि म्हणाले, मी तुमच्या हाताखाली काम करीन, रोज काय करायचं ते तुम्ही सांगा. मुलगा बत्तीस वर्षांचा, हे चौसष्टचे. तेव्हापासून ह्यांना हजेरीपटावर नाव मिळालं, वरिष्ठ मिळाला, चहाची वेळ मिळाली. गोळी तीच राहिली, पण रक्तदाब खाली आला.

मी मात्र चुकले होते. पहिल्याच पंधरवड्यात मी चादरी बदलण्याची पद्धत सुधारायला गेले. आमच्याकडे रोज बदलतात, इथे का नाही? सगळ्या "हुन्छ" म्हणाल्या. आठ दिवसांनी कळलं की थंडीत चादरी वाळायला तीन दिवस लागतात आणि माझ्या "सुधारणे"मुळे रात्रपाळीच्या मुली ओल्या चादरी शेकोटीशी धरून बसत होत्या. दोन महिने फक्त पाहा, विचारा, वहीत लिहा. सुचवायचं ते तिसऱ्या महिन्यात, वरिष्ठाला, एकांतात.

शनिवार

नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते आणि मंडळीही शनिवारी भरते. आम्ही होतो तेव्हा रविवार कामाचा होता. चपला बाहेर काढायच्या, जमिनीवर सतरंजीवर बसायचं, बहुतेक ठिकाणी पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या. गुडघे वाकत नसतील तर भिंतीजवळची जागा धरा किंवा पाटासारखं छोटं स्टूल मागा, म्हाताऱ्यांना ते आनंदानं देतात. अभिवादन हात जोडून "जय मसीह". आपल्या "जय ख्रिस्त"ची सवय असलेल्या जिभेला ते लगेच जमतं. प्रार्थना सगळे एकदम, मोठ्यानं करतात. पहिल्यांदा कानठळ्या बसतात, दुसऱ्या महिन्यात तुम्हीही मराठीतून त्यात सामील होता आणि कुणालाच ते वेगळं वाटत नाही.

मागच्या ओळीत बसा. बोलायला बोलावलं तर पाच मिनिटं, आपली साक्ष (विश्वासाचा स्वतःचा अनुभव), संपलं. पाळकाला सल्ला देऊ नका, देणगी द्यायची ती त्यांच्या समितीच्या पेटीत, गुपचूप. पाहुण्यांच्या पैशानं लहान मंडळ्यांमध्ये भांडणं लागलेली मी पाहिली आहेत.

दोघांचं दोघांसाठी

आठवड्यातली एक संध्याकाळ दोघांनी कामाबद्दल काहीही न बोलता घालवायची. आम्ही गुरुवारी बाजारातून चालत टुंडीखेलच्या, म्हणजे गावच्या मोकळ्या मैदानाच्या बाजूला जायचो, बाकावर बसून सुन्तला (संत्री) सोलायचो. मराठीत बोलायचं, पोटभर. दिवसभर अर्ध्या भाषेत बोलणारा माणूस स्वतःला अर्धाच वाटू लागतो.

दर तीन महिन्यांनी तो कागदाचा प्रयोग पुन्हा करा. थांबायचं की परत जायचं हा प्रश्न दोघांपैकी कुणीही, कधीही काढू शकतो असं आधीच ठरवून ठेवा. एकानं "परत जाऊ" म्हटलं तर दुसऱ्यानं चोवीस तास वाद घालायचा नाही.

आजारपण, आणि त्याच्या पुढचं

ज्या रुग्णालयात तुम्ही काम करता तिथेच तुमची फाईल उघडून ठेवा, रक्तगटासह. मोठ्या आजारात कुठे हलवायचं, बुटवल, नेपाळातलं भरतपूर की काठमांडू, ते पहिल्या आठवड्यात विचारा. भारतीय दूतावासात नोंद करा.

दोघांपैकी एक तिथे गेला तर? हे बोलायला आम्हाला वर्ष लागलं, तुम्ही निघण्याआधी बोला आणि लिहून ठेवा. नेपाळात ख्रिस्ती दफनाला जागा मिळणं अवघड आहे. २०११ साली पशुपतिनाथ मंदिराजवळच्या श्लेष्मांतक वनात दफनाला मनाई झाल्यापासून काठमांडूत तो प्रश्न तीव्र झाला, अनेक ख्रिस्ती कुटुंबं दहनाचा मार्ग स्वीकारतात. मृतदेह भारतात आणायचा तर दूतावासाचे कागद लागतात, खर्च लागतो, डोंगरातून खाली यायला वेळ लागतो. आम्ही दोघांनी लिहून दिलं : जिथे जाऊ तिथेच, तिथल्या मंडळीच्या रीतीनं. मुलांना ते पत्र वाचून दाखवलं. मुलगी रडली, पण तिनं सही केली.

परत येणं

येण्याच्या सहा महिने आधी तुमचं काम दुसऱ्याच्या हाती द्यायला लागा, शेवटचा महिना तुम्ही नुसते बाजूला उभे असलं पाहिजे. ह्यांनी एक रजिस्टर केलं होतं : प्रत्येक ट्रॉलीला, खुर्चीला रंगानं नंबर, कोणत्या गतेला ग्रीस, कोणतं बेअरिंग, ते बुटवलच्या कोणत्या गल्लीत मिळतं. नेपाळी तारखा, देवनागरी अक्षर, अर्धे शब्द मराठी. त्या मुलानं शेवटच्या महिन्यात बसून सगळे मराठी शब्द खोडून वर नेपाळी लिहिले.

आल्यावर हयातीचा दाखला, केवायसी, विमा, ही कामं पहिल्या पंधरवड्यात. मंडळीत बोलायला बोलावतील, तेव्हाही फोटो आणि नावं सांभाळून. घरात दोन महिने सगळं जोरात आणि घाईत वाटेल, रस्ता ओलांडताना एकमेकांचा हात धरा. आणि फोन पहाटे वाजला तर घ्या : आमच्याकडे अजून येतो, सव्वासहाला, तिथे साडेसहा झालेले असतात, आणि पलीकडून तो मुलगा विचारतो, "बुबा, सात नंबरको पाङ्ग्रा फेरि करायो, के गरौँ?" सात नंबरचं चाक पुन्हा ओरडायला लागलेलं असतं, आणि हे चहा तसाच ठेवून त्याला एकेक नट कसा सोडवायचा ते सांगत बसतात.